वस्तादाची शिकवणी

३ मार्च, सोमवार

कंपनीने आज प्रत्येकाला एक वही आणि एक पेन फुकट दिलं. ट्रेनिंगच्या नोट्स काढायला म्हणे. मी सत्तावन्न वर्षांचा आहे. एकतीस वर्षं पाडकामात आहे. साइटवर मला नावाने कोणी हाक मारत नाही, वस्ताद म्हणतात. वस्तादाने नोट्स काढायच्या? पण वही चांगली जाड आहे, म्हणून रोजनिशी लिहायचं ठरवलं. कोणाला दाखवायची नाही.

प्रकरण असं. कंपनीने एक मशीन आणलंय. त्याला चार पाय आणि एकच हात. हाताच्या टोकाला काँक्रीट फोडायचा ब्रेकर. आपण लांब उभं राहायचं, रिमोटची पेटी पोटावर बांधायची, दोन दांड्या हलवायच्या. मशीन आत जाऊन भिंती पाडतं. मी बघताक्षणी त्याचं नाव खेकडा ठेवलं. दुपारपर्यंत सगळे खेकडाच म्हणायला लागले. म्हणजे ट्रेनिंगमधलं माझं काम झालंसुद्धा.

साहेब म्हणाले, इन्शुरन्सवाल्यांचा नियम आलाय, पन्नाशीच्या वरच्या कोणीही यापुढे घण घेऊन इमारतीत शिरायचं नाही. सहा आठवडे ट्रेनिंग, मग परीक्षा. पास होईल तो खेकड्यावर, नापास होईल तो स्टोअरला हेल्मेटं पुसायला. मी म्हणालो, साहेब, तुम्ही इथे टाइमकीपर होतात ना, तेव्हा मी पाण्याची अख्खी टाकी एका घावात खाली बसवली होती. साहेब म्हणाले, हो, शेजारच्या पोस्टावर.

लोक नको त्या गोष्टी लक्षात ठेवतात.

ठरलं. ट्रेनिंगला जायचं. शिकायला नाही, बाकीच्या म्हाताऱ्यांना धीर द्यायला.

४ मार्च

साइटवरच्या कंटेनरमध्ये वर्ग. आम्ही अकरा जण, सगळे पन्नाशीच्या पुढचे. शिकवायला एक मॅडम, असतील तिशीच्या. बुटांना चिखल होता, तेवढं एक आवडलं.

त्यांनी आल्या आल्या एक फॉर्म वाटला. नवीन काम शिकायला तुम्हाला कशामुळे उत्साह येईल? बढती, सुरक्षितता, सहकाऱ्यांची साथ, शिकण्याचा आनंद, इतर. मी 'इतर'वर खूण केली आणि लिहिलं, गरज नाही.

शेजारी मुंग्या. हा माझा अठ्ठावीस वर्षांपासूनचा जोडीदार. मी घण मारायचा, त्याने पहार घालून भिंत उलथायची. वय एकोणसाठ, अंगाने काडी, पण दिवसभर न थांबता काम करतो, म्हणून मुंग्या. डोकावून बघितलं तर त्याने 'शिकण्याचा आनंद'वर खूण केली होती! मी इतका हसलो की खुर्चीचा पाय मोडला. मॅडम म्हणाल्या, काका, लागलं का? मी उठलो आणि त्या खुर्चीचे उरलेले तीन पायही मोडले. धोकादायक वस्तू अर्धवट ठेवू नये, हा पाडकामातला पहिला नियम आहे.

काल ठरवलं होतं की बाकीच्यांना धीर द्यायचा. आज त्यांना धीर आलेला दिसला. दारापासून दूर बसले सगळे, म्हणजे पळायचा विचार नाही.

६ मार्च

आज टॅबवर प्रॅक्टिस. टॅबच्या आत चित्रातला खेकडा, चित्रातली भिंत. बोटाने ढकलून ती पाडायची. अक्षरं मुंगीच्या पायाएवढी. स्क्रीन अंधूक होता. मॅडम म्हणाल्या, काका, स्क्रीन फुल ब्राइट आहे, चष्मा आहे का तुमचा? मी म्हणालो, मला तीन मजल्यांवरची भेग खालून दिसते. म्हणाल्या, हो, ती लांबची झाली.

सगळ्यांच्या भिंती पडल्या. मुंग्याची तर दोनदा पडली. माझा खेकडा कोपऱ्यात तोंड खुपसून उभा, ढिम्म हलेना. मग मी मूठ आवळली आणि ठोसा दिला.

भिंत पडली नाही. टॅब पडला. काचेचा होता म्हणे. चिखलमातीत वापरायची वस्तू काचेची करतात आणि शहाणे आम्ही नाही.

दोन बोटांत काच घुसली. मुंग्याने चिमटीने काढली. काढताना म्हणाला, वस्ताद, बोट हलकं ठेव, ती दांडी आहे, शत्रू नाही. मी म्हणालो, मला शिकवू नकोस. तो म्हणाला, बरं.

हा 'बरं' म्हणतो तेव्हा मला सगळ्यात जास्त राग येतो.

७ मार्च

हिने जवळचा चष्मा आणून ठेवला. मी विचारलं, कोणाचा? ही म्हणाली, शेजाऱ्यांच्या कुत्र्याचा. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, अजून सरळ उत्तर नाही.

चष्मा मजबूत आहे का बघायला टेबलावर ठेवून हाताने दाबला. नव्हता. हिने लगेच कपाटातून दुसरा काढून ठेवला. दोन आणले होते. म्हणाली, अहो, मला माहीत नाही का तुम्ही?

सोमवारपासून शांत राहायचं. शिकायचं नाही, पण शांतपणे शिकायचं नाही.

१० मार्च, सोमवार

सकाळी साडेनऊ. शांत.

दहा वाजता मॅडम रंगांच्या खुणा शिकवायला लागल्या. कुठल्या भिंतीवर कुठली खूण, त्याचा अर्थ काय. हे मला शिकवणार! मी एकतीस वर्षं खुणा वाचतोय. लाल फुली म्हणजे पाड. खूण नाही म्हणजे सोड. याच्यात तास घालवायचा काय आहे? उठलो. मॅडम म्हणाल्या, काका, हे महत्त्वाचं आहे, आता पद्धत बदललीय. मी म्हणालो, फुली बदलत नसते.

बाहेर कॉफीच्या मशीनपाशी गेलो. नाणं टाकलं. कप आला नाही, कॉफी आली, ग्लास धरेपर्यंत सगळी बुटावर. पुन्हा टाकलं. आता कप आला, कॉफी नाही. मशीन माझी मजा बघतंय हे स्पष्ट होतं. पहिला ठोसा मी समजावण्यासाठी दिला. नंतरचे पाच-सहा उगाच गेले. मग खांदा लावला. मग मशीन आडवं झालं आणि गरम पाणी माझ्या पोटरीवर आलं.

कातडी भाजली. उजव्या हाताच्या चार गाठी सुजल्या. साहेबांनी विचारलं, काय झालं? मी म्हणालो, मशीनचं ट्रेनिंग.

मुंग्याने माझ्यासाठी खुणांची नोट उतरवून आणली होती. त्याच्या वहीचं पान फाडून दिलं. पोटरीला मलम लावताना हात पुसायला उपयोगी पडलं.

१३ मार्च

आज खरा खेकडा. मोकळ्या जागेत. मॅडम म्हणाल्या, घाई नाही, फक्त हात डावीकडे फिरवून परत मध्ये आणा. पेटी पोटावर बांधली. सगळे बघत होते. सकाळी खाल्लं नव्हतं म्हणून हात जरा थरथरत होते.

डावी दांडी कुठली हे त्यांनी नीट सांगितलं नव्हतं. खेकड्याचा हात उजवीकडे गेला, चांगल्या जोरात गेला, आणि तिथे ठेवलेल्या प्लास्टिकच्या संडासाला कानाखाली बसावी तशी बसली. संडास दोन कोलांट्या खाऊन आडवा झाला. दार वरच्या बाजूला. ते उघडून साहेब बाहेर आले. कमरेपर्यंत निळे झाले होते. त्यात निळं औषध असतं ना.

कपाळातून रक्त येत होतं त्यांच्या. चार टाके पडले. मी जाऊन म्हणालो, साहेब, आत आहात हे सांगायचं ना. साहेबांचे फक्त ओठ हलत होते.

नंतर मुंग्याची पाळी. त्याने हात डावीकडे नेला, मध्ये आणला, ब्रेकरच्या टोकाने जमिनीवरचं हेल्मेट ढकलत ढकलत मॅडमच्या पायापाशी आणून ठेवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मुंग्या लाजला. एकोणसाठाव्या वर्षी लाजतो!

मी विचारलं, तुला याच्यातून मिळणार काय? दोन-तीन वर्षांची नोकरी राहिली. म्हणाला, वस्ताद, गुडघे गेले माझे, जिना चढताना भिंत धरतो. आणि खरं सांगू का, मजा येते.

मजा! घण सोडून माणूस मजा करायला लागला की संपलं.

१४ मार्च, शुक्रवार

आज जे झालं ते कमीत कमी शब्दांत लिहितो.

जेवायच्या सुट्टीत मी कंटेनरमध्ये सगळ्यांना समजावत होतो की आपण एकजुटीने परीक्षेला बसायचं नाही. अकरा जण हटून बसले तर कंपनी काय करणार? सगळे डब्यात बघत होते. मुंग्या म्हणाला, मी बसणार. मी म्हणालो, तू मॅडमचा पाळलेला आहेस. तो म्हणाला, असेन. मी म्हणालो, अठ्ठावीस वर्षं माझ्या घणाच्या सावलीत जगलास, आता खेकड्याच्या पायाशी बसतोस. तो डबा बंद करून उभा राहिला. म्हणाला, वस्ताद, तू आळशी नाहीस, मठ्ठही नाहीस. तू घाबरतोस. पेटी पोटावर बांधली की तुझे हात कापतात. मी काल बघितलं. आम्हीपण घाबरलो होतो, त्याच्यात काय?

मी त्याला मारलं नाही. माझा हात सहज वर चालला होता, त्याचं तोंड मध्ये आलं.

तो खाली पडला. उठला आणि हेल्मेट माझ्या कानावर हाणलं. कानात शिट्टी वाजायला लागली. मी त्याला घेऊन फळ्यावर गेलो, फळा आमच्यावर आला. त्याने माझ्या भुवईवर डोकं मारलं, डोळ्यात रक्त उतरलं. त्यानंतर मला नीट दिसत नव्हतं. त्याची मान माझ्या काखेत आली ती मी धरली. तो पाय झाडत होता. चार जण माझी बोटं सोडवत होते. सुटत नव्हती. मी सोडत नव्हतो असं नाही, बोटंच सोडत नव्हती.

मॅडमने आग विझवायचा सिलिंडर उचलला आणि आमच्या दोघांच्या तोंडावर रिकामा केला. तेव्हा सुटली.

पांढऱ्या पिठात बसलो होतो दोघं. मला वाटलं मुंग्या शिव्या देईल. तो माझ्याकडे बघतच नव्हता. गुडघ्यांवर रांगत जमिनीवर दात शोधत होता.

त्याला दात मिळाला. रुमालात बांधला. गेला.

अठ्ठावीस वर्षांत मी त्याच्यावर कधी हात उगारला नव्हता. उगारला होता एकदा, पण तेव्हा तो वाकला.

साहेब म्हणाले, सोमवारी लेखी खुलासा आणायचा, तोपर्यंत साइटवर पाऊल टाकायचं नाही. घरी ही भुवई पुसत होती. म्हणाली, त्याच्या घरी जाऊन माफी मागा. मी म्हणालो, चूक त्याची आहे. ही म्हणाली, मग तुमचे हात का कापतायत?

सकाळी खाल्लं नव्हतं.

१६ मार्च, रविवार, सकाळी सव्वासहा

सगळा विचार करून झाला. बोलून उपयोग नाही, करून दाखवायचं. साइटवर जुनं कोल्ड स्टोरेज आहे, चार मजली. तिसऱ्या मजल्यावर एक आडवी भिंत आहे, जाड, वीस फूट. तिच्यावर लाल फुली परवाच बघितली. खेकड्याला ती पाडायला दोन दिवस लागतील. मी आज दुपारच्या आत एकट्याने भुईसपाट करणार. उद्या साहेब येतील, बघतील. खुलासा लेखी मागितलाय ना, भिंतीनेच देतो.

मुंग्यालाही दिसेल कोण घाबरतो.

घण घेतला. हिला सांगितलं, भाजी आणायला चाललो. ही म्हणाली, घण घेऊन? मी म्हणालो, बाजार वाढलाय.

२१ मार्च, हॉस्पिटल

डाव्या हाताने लिहितोय. अक्षर वाकडं येईल. वाचायचं कोणाला आहे.

उजवा हात दोन ठिकाणी मोडला. उजवा पाय घोट्यापाशी. तीन बरगड्या. बाकी मी ठीक आहे.

झालं असं. गेटवाल्याला सांगितलं, पाकीट विसरलंय. तो म्हणाला, पाकीट न्यायला घण कशाला? मी त्याच्याकडे बघितलं. त्याने गेट उघडलं. तिसऱ्या मजल्यावर गेलो. लाल फुली समोर. पहिला घाव असा बसला की काय सांगू. दोन आठवड्यांनी अंगात रक्त खेळल्यासारखं वाटलं. दुसरा, तिसरा, दहावा. विटा उडत होत्या. घामाने डोळे भरले. मी मोठ्याने बोलत होतो. हे घे मॅडमला, हे घे टॅबला, हे घे मुंग्याला. मुंग्याच्या नावाने जास्त झाले.

चाळिसाव्या घावाला वरून आवाज आला. पाडकामातल्या माणसाला तो आवाज आईच्या हाकेसारखा ओळखू येतो. पळायला एक क्षण असतो. त्या क्षणी मी फुलीकडे बघत बसलो. लाल आहे, मग आवाज का करते?

नवीन पद्धतीत लाल फुली म्हणजे हात लावू नका. भिंत वरच्या स्लॅबचा भार घेते. हे मॅडमने दहा तारखेला शिकवलं होतं. तेव्हा मी कॉफी पीत होतो.

स्लॅबचा अर्धा तुकडा खाली आला, अर्धा सळयांना लोंबकळत राहिला. बीम माझ्या हातावर. पायावर काय होतं ते दिसत नव्हतं. तोंडात धूळ, डोळ्यांत धूळ, श्वास घेतला की बरगड्या आत टोचायच्या. किती वेळ ओरडलो माहीत नाही. हाक मारायला नाव सुचेना. साहेब म्हणून ओरडून उपयोग नाही, रविवार. देवाची आणि माझी तेवढी ओळख नाही. शेवटी लक्षात आलं की मी मुंग्या मुंग्या ओरडतोय. सवय, दुसरं काय.

पुढचं मला गेटवाल्याने सांगितलं. त्याने आवाज ऐकला आणि पहिला फोन मुंग्याला केला, कारण तो दोन गल्ल्यांवर राहतो. मुंग्या लेंग्यावर धावत आला. अग्निशामक दलही आलं. त्यांचे प्रमुख म्हणाले, वर स्लॅब लटकतोय, माणूस आत पाठवता येणार नाही, आमचं मशीन यायला तीन तास लागतील. मुंग्या म्हणाला, मशीन इथेच आहे. त्यांनी विचारलं, परीक्षा पास आहात का? मुंग्या म्हणाला, अजून वर्गात आहे. त्याने मॅडमला फोन लावला. त्या दुसऱ्या गावी होत्या, दोन तासांवर. त्यांनी प्रमुखांना सांगितलं, हा माणूस करेल, मी फोनवर आहे.

टेकू लावता आले तिथपर्यंत दलाच्या लोकांनी लावले, साइटच्या क्रेनने खेकडा वर चढवला. मग भिंतीला भोक पडलं आणि दिवा दिसला.

खेकडा आला. मी आडवा, अडकलेला, आणि ते माझ्या अंगावर चालून येतंय. ब्रेकर सुरू झाला. एकेक ठोका माझ्या दातांत, हाडांत. माझ्या हातावरचा बीम तो टोकाकडून फोडत होता. सिमेंटचे तुकडे गालावर उडत होते. टोक नाकापासून वीतभर आलं. मी आयुष्यात दिल्या नाहीत तेवढ्या शिव्या त्या खेकड्याला दिल्या, आणि त्याच्या मालकाला, आणि मालकाच्या सात पिढ्यांना. बाहेर मुंग्याने ऐकलं आणि गेटवाल्याला म्हणाला, जिवंत आहे.

ब्रेकर थांबायचा. पुन्हा दोन ठोके. पुन्हा थांबायचा. मला वाटायचं, थांबतोस काय, मार एकदाचा. मी असतो तर एका घावात मोकळं केलं असतं.

मी असतो तर एका घावात मोकळाच झालो असतो, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

दोन तास चाळीस मिनिटं लागली.

२४ मार्च

डॉक्टर म्हणाले, हात जोडलाय, जेवता येईल, लिहिता येईल, घण विसरा. डॉक्टर तरुण आहेत. अनुभव कमी.

संध्याकाळी मुंग्या आला. ओठाला टाके. बोलताना फटीतून हवा जाते. दोघंही भिंतीकडे बघत बसलो. मग मी म्हणालो, ब्रेकर माझ्या नाकाच्या फार जवळ आणलास. तो म्हणाला, हो, हात कापत होते माझे. मी विचारलं, मग? म्हणाला, मग काय, कापता कापता केलं.

 मला एक वाक्य म्हणायचं होतं. घशात धूळ अजून आहे. त्याऐवजी मी म्हणालो, दात महाग पडला असेल. तो म्हणाला, बसवायचा नाही ठरवलंय, शिट्टी छान वाजते. आणि वाजवून दाखवली. नर्स धावत आली.

तो गेल्यावर मी वाक्य म्हटलं. शेजारच्या खाटेवरचा पेशंट म्हणाला, असू दे, असू दे.

७ एप्रिल

साहेब आले. कपाळावर टाक्यांची रेघ आहे, त्यांना शोभते. म्हणाले, तुम्हाला काढून टाकायचा कागद तयार होता. मुंग्या येऊन बसला माझ्या केबिनमध्ये, सकाळपासून दुपारपर्यंत, काही न बोलता. शेवटी मीच कंटाळलो. शर्त एकच, ट्रेनिंग पहिल्यापासून. नाहीतर राजीनामा.

मी म्हणालो, विचार करतो. साहेबांनी फॉर्म पुढे केला. मी चष्मा लावला. वाचता येतं त्याने, आश्चर्य आहे. तोच फॉर्म. नवीन काम शिकायला तुम्हाला कशामुळे उत्साह येईल?

मी बराच वेळ पेन धरून बसलो. साहेब म्हणाले, काहीही लिहा हो, कोणी वाचत नाही.

५ मे

प्लास्टर निघालं. हात बारीक झालाय, दुसऱ्या कोणाचा तरी चुकून मला जोडल्यासारखा.

ही बाजारात गेल्यावर मागच्या अंगणात घण काढला. डॉक्टर काय म्हणाले ते डॉक्टरपाशी. धरला. उचलला. गुडघ्यापर्यंत आला. मग बोटं आपोआप उघडली आणि घण माझ्याच पायावर, बऱ्या असलेल्या पायावर पडला. मी घणाला लाथ मारली. घणाला लाथ मारू नये.

ही परत आली तेव्हा मी पायरीवर बसलो होतो, दोन बोटं निळी. तिने बर्फ आणला. शेजारी बसली. म्हणाली, एकतीस वर्षं तुम्ही घरी आलात की मी आधी हात मोजायची, मग पाय, मग बोटं. कंटाळा आलाय मोजायचा.

हे तिने आधी कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल, मी घरी नसेन.

१६ जून, सोमवार

नवीन बॅच. सात जण. सगळ्यांत मोठा मी. मॅडम तशाच. मदतनीस म्हणून मुंग्या, छातीवर बिल्ला. परीक्षेत पहिला आला होता. मला बघून म्हणाला, या काका, बसा. सगळ्यांसमोर त्याला काहीही बोललो नाही, याची नोंद व्हावी.

मी तयारीने गेलो होतो. चष्मा, भरपेट नाश्ता, डोकं थंड. मनाशी ठरवलं होतं की आज सगळ्यांना दाखवून द्यायचं, नीट, शांतपणे, एकही वस्तू न मोडता.

मोकळ्या जागेत खेकडा उभा. त्याच्या हाताला आज ब्रेकर नव्हता, मोठा लोखंडी चिमटा होता. समोर एका पिंपावर एक वीट. मॅडम बोलत होत्या, मी विटेवर लक्ष ठेवून होतो. पेटी बांधली. हात कापत होते. नाश्ता केला होता, तरी कापत होते. कापले तर कापले. डावी दांडी हळू. उजवी हळू. चिमटा वाकडा गेला, परत आणला. घाम कानामागून उतरला. पाऊण तास लागला असेल. चिमट्याने वीट धरली. धरली! मग मी दाबलं. करकर आवाज झाला आणि विटेचा लाल चुरा पिंपावरून खाली आला.

मी पेटीसकट उडी मारली. ओरडलो, फुटली! एकतीस वर्षांत इमारती पाडल्या, पूल पाडला, पण इतका आनंद झाला नव्हता. मागे वळून बघितलं. टाळ्या नव्हत्या. मुंग्या जमिनीकडे बघत होता आणि त्याचे खांदे हलत होते.

मॅडम म्हणाल्या, काका, फोडायची नव्हती, उचलून पलीकडच्या पिंपावर ठेवायची होती.

मी म्हणालो, मग आधी सांगायचं ना. त्या म्हणाल्या, तीनदा सांगितलं. मी मुंग्याकडे बघितलं. त्याने चार बोटं दाखवली.

मग दुसरी वीट ठेवली. मग तिसरी.

संध्याकाळपर्यंत फुटल्या: चौदा. पलीकडे पोचली: अर्धी.